गगनगावची माणसं आमच्यासारखी बोलायची

बस्त्याव गेल्याची बातमी मला आमच्या वसईकडच्या नंदाखाल गावातून नाही, विरारहून आलेल्या एका फोनवर कळली. त्या दुपारी मी भुईगावला धाकट्या बहिणीकडे गेले होते. मागच्या अंगणात आम्ही दोघी चिंचा फोडत बसलो होतो. फोनवर ईशान होता, बस्त्यावचे जुने सिनेमे नव्याने करायला घेतलेला तरुण दिग्दर्शक. "एलीसमॅडम, सर गेले," तो म्हणाला. मी म्हटलं, "कुठं गेला आता या उन्हात? संध्याकाळी मुलांची तालीम आहे ना?" बस्त्याव हल्ली केव्हाही, कुठेही जायचा, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पलीकडे तो पोरगा रडायलाच लागला, आणि माझ्या हातातली चिंच तशीच राहिली. जेवून आडवा झाला होता, उठलाच नाही. ईशानने तालमीची वेळ विचारायला फोन केला आणि तो नेमका बस्त्यावच्या नातीने, रियाने उचलला, म्हणून गावाच्या आधी त्याला कळलं. रिक्षा आमच्या गावात शिरली तेव्हा चर्चची घंटा संथ लयीत वाजत होती. ती कोणासाठी वाजते आहे हे रस्त्यातली माणसं एकमेकांना विचारत होती, आणि मला मात्र आधीच ठाऊक होतं.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली, जेवण झालं, पाहुणे परतले. पेपरांतून त्याच्याविषयी मोठं मोठं छापून आलं. कोणी त्याला मराठी विज्ञानपटांचा जनक म्हटलं. त्याने हे वाचलं असतं तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असता, "जनक म्हणे. घरात दोन पोरी आहेत, त्या तरी कुठं ऐकतात माझं." त्याच्या सिनेमांवर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई, मला त्यातलं तंत्र कळत नाही. पण त्याच्या पहिल्या सिनेमात परग्रहावरच्या आईचं काम मी केलं होतं, आणि त्या सिनेमाने त्याला आयुष्यभर जी एक हुरहूर लावली तिची साक्षीदारही मीच. तेवढंच सांगते.

त्याची आणि आमची वाडी शेजारी शेजारी. मध्ये एक बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. दोन्ही घरांची केळी त्याच पाण्यावर वाढली आणि दोन्ही घरांची भांडणंही. बस्त्याव माझ्याहून थोडा मोठा. शाळेत असताना सणाच्या नाटकाला पडदा ओढायचं काम त्याच्याकडे असायचं, आणि पडदा ओढता ओढता तो नाटक बघत नसे, बघणाऱ्यांकडे बघत असे. कोण कुठे हसलं, कोणाची आई कुठे पदर डोळ्यांना लावत होती, हे त्याला दुसऱ्या दिवशी तोंडपाठ असायचं. पुढे तो मुंबईत सिनेमाच्या रिळा धुण्याच्या कारखान्यात नोकरीला लागला. "दिवसभर दुसऱ्यांचे सिनेमे धुतो," असं तो सांगायचा. तिथेच कोणातरी निर्मात्याशी ओळख झाली, मुलांसाठी काहीतरी वेगळं करू या असं ठरलं, आणि एके रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर त्याने आम्हा दहाबारा जणांना थांबवून सांगितलं, की आपल्याला अंतराळातली माणसं व्हायचं आहे.

‘गगनगाव’ची गोष्ट ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आकाशात तरंगणारं एक गाव असतं. त्यातलं पाणी आटतं म्हणून ते पृथ्वीवर समुद्रकाठी उतरतं. तिथे शहरातून वाट चुकून आलेला एक मुलगा त्या गावात राहतो, त्यांचा होतो, आणि शेवटी गाव पुन्हा वर निघून जातं. बस. सगळं चित्रण भुईगावच्या किनाऱ्यावर, ओहोटी बघून. यानाचा दरवाजा म्हणजे आमच्या वाडीतला मोडका रहाट, त्याला चांदीचा कागद. तो उघडतानाचा करकर आवाजसुद्धा त्या रहाटाचाच. आम्हा बायकांना कपाळावर बिस्किटांच्या डब्याचे पत्रे बांधले होते. आता हे ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण बस्त्याव त्याबाबतीत भयंकर गंभीर होता. "मला विनोदी काही करायचं नाही," हे वाक्य त्याने आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की आम्ही त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचो. त्याला माणसं रडवायची होती. घर सुटणं म्हणजे काय हे त्याला दाखवायचं होतं. आमची वसई तेव्हाच बदलायला लागली होती, वाड्या विकल्या जात होत्या, आणि तो नोकरीपायी पहाटे निघून दिवेलागणीला परतत होता. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण गगनगाव म्हणजे कुठलं गाव ते आम्हाला न सांगता कळलं होतं.

अडचण आली ती भाषेची. परग्रहावरच्या माणसांनी बोलायचं काय? निर्मात्याचं म्हणणं, काहीतरी हुंकार काढा. बस्त्यावने वेगळाच मार्ग काढला. कारखान्यात त्याने घरच्यासारखं बोलायला सुरुवात केली की सगळे विचारायचे, ही कुठली रे भाषा? आमच्या ख्रिस्ती वाड्यांमधली बोली बाहेरच्या मराठी माणसाला खरोखरच कळत नाही. कित्येक शब्दांतल्या ‘स’चा ‘ह’ होतो, सूर भलतीकडेच वळतात. म्हणून त्याने ठरवलं, गगनगावची माणसं आपल्या बोलीत बोलतील. संवाद त्याने लिहिलेच नाहीत. "चेहरा गंभीर ठेवा आणि घरी बोलता ते बोला. बाहेर कोणाला कळतंय?" एवढीच सूचना. आवाज जागेवरच टिपायचा होता, पुन्हा भरायची सोय नव्हती. तेव्हा कॅमेरा चालू झाला आणि गगनगावच्या मुखियाने, म्हणजे आमच्या रेमेतकाकांनी, दोन्ही तळहात वर करून त्या मुलाला घनगंभीर आवाजात विचारलं, की केळींना पाणी सोडलं का? त्यांच्या मनात त्या दिवशी तेच होतं, त्यांच्या पाण्याची पाळी होती. मग एका वृद्ध स्त्रीने क्षितिजाकडे हात करून भविष्यवाणी केली, ती प्रत्यक्षात तिच्या जावेने नेलेल्या शिडीबद्दल होती. आणि शेवटच्या निरोपाच्या प्रसंगात मी त्या मुलाचे दोन्ही हात धरून, डोळ्यांतून धारा लावून म्हटलं, की सुकट झाकून ठेव, मांजर फिरतेय. दुसरं काही सुचलंच नाही. पण रडणं खरं होतं. चित्रणाचा शेवटचा दिवस होता, उद्यापासून पुन्हा आपापली कामं, आणि मला ते गाव सोडवत नव्हतं... ही वाक्यं मी इथे आमच्या बोलीत लिहीत नाही. कागदावर उतरवली की ती लंगडी होतात, आणि कोणी चुकीची वाचली तर बस्त्याव वर बसून डोळे वटारेल.

सिनेमा चालला. पुण्यात, कोल्हापुरात, विदर्भातल्या तंबूंमध्ये, शाळांच्या पटांगणांवर. निरोपाच्या प्रसंगाला मोठी माणसं रुमाल काढायची, असं तो येऊन सांगायचा. पोरं एकमेकांना तळहात वर करून आमच्या रेमेतकाकांचं वाक्य म्हणायची, त्यांना तो आकाशातला नमस्कार वाटायचा. बस्त्याव हवेत होता. मग आमच्या सणाच्या दिवशी चर्चच्या मैदानात, दोन माडांना चादर बांधून, त्याने गावाला सिनेमा दाखवला. नवा शर्ट घालून तो नेहमीप्रमाणे पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. रेमेतकाकांनी तळहात वर करून ते वाक्य उच्चारलं आणि मैदान फुटलं. लोक पोट धरून हसायला लागले. पाठीमागून कोणीतरी ओरडून उत्तरही दिलं, की सोडलं, आता तुमची पाळी. शिडीच्या भविष्यवाणीला तर ती जाऊबाई जागेवरून उठून भांडायलाच लागली. आणि निरोप... माझे ओघळणारे डोळे पडद्यावर हे एवढे मोठे दिसत होते, आणि सुकटीचं वाक्य आलं तेव्हा बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. माझ्या आईला हसून हसून ठसका लागला.

बस्त्याव दिसेना म्हणून मी शोधायला गेले, तर तो बावखलाच्या काठावर बसला होता. मी म्हटलं, "अरे, हसले म्हणजे आवडलं त्यांना." तो म्हणाला, "सगळ्या महाराष्ट्राने रडायचं आणि माझ्या आईने हसायचं?" मला मनातून हसूच येत होतं, पण त्याचा चेहरा बघून ते आत गेलं. मग तो हळूच म्हणाला, "एकदा तरी हे गाव माझ्या सिनेमात गप्प बसलं पाहिजे, एलीस. एकदाच." तेव्हा आम्ही ऐन विशीत होतो. या वयात माणूस असं काहीबाही बोलतो आणि विसरतो. तो विसरला नाही.

दुसऱ्या सिनेमात त्याने स्वतः बसून आमच्या बोलीत भारदस्त संवाद लिहिले. काळ, नियती, तारे वगैरे. गाव पहिल्यापेक्षा जास्त हसलं, कारण असं घरात कोणी बोलतच नाही. तिसऱ्या वेळी त्याने आमचा नादच सोडला आणि समुद्राखालच्या ग्रहाची गोष्ट घेऊन पाचूबंदरच्या कोळ्यांना उभं केलं. यावेळी नंदाखाल गप्प राहिलं, पण ते समजुतीने, त्याला बरं वाटावं म्हणून, आणि ते त्यालाही कळलं. शिवाय पाचूबंदरला खेळ लावला तेव्हा मासळीच्या लिलावात ज्यांचा शब्द चालायचा त्या बायजाबाई खेळ संपल्यावर सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या, "काय रं बस्त्याव, त्या वरच्या लोकांना बी आमचीच भाषा? मंग तितलं पानी बी खारंच आसंल." त्यानंतर त्याने सिनेमा काढला नाही. लग्न केलं, दोन मुली झाल्या, कारखाना बंद पडेपर्यंत रिळा धुतल्या आणि मग वाडी बघितली. नात लहान असतानाच तिला घेऊन थोरली मुलगी त्याच्याकडे राहायला आली, आणि पुढे बायको गेली. सिनेमाचा विषय मीच कधीतरी त्याला छेडायला काढायची. तो म्हणायचा, "माझा प्रेक्षक दगड होता. त्यात तूही आलीस."

दोन वर्षांपूर्वी ईशान आला. त्याचे आईवडील साताऱ्याकडचे, विरारला येऊन राहिलेले. त्याने लहानपणी टीव्हीवर हे तिन्ही सिनेमे पाहिले होते. मी योगायोगाने ओट्यावर बसले होते. फाटकातून आत येऊन त्या मुलाने चपला काढल्या, दोन्ही तळहात वर केले आणि डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने, रेमेतकाकांचं ते वाक्य म्हटलं. बस्त्यावने खुर्चीतूनच उत्तर दिलं, "सोडलं. सकाळीच सोडलं." ईशान गोंधळला. त्याला अर्थ सांगितला तेव्हा तो मटकन पायरीवर बसला. "सर, मी माझ्या लग्नात बायकोला हे म्हटलंय," तो म्हणाला. त्या दिवशी आम्ही तिघं किती हसलो. बऱ्याच वर्षांत बस्त्यावला मी त्या सिनेमावरून हसताना पाहिलं नव्हतं.

मग रीबूट हा शब्द आमच्या ओट्यावर येऊन बसला. मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या कोणत्यातरी कंपनीला गगनगाव नव्याने हवं होतं, नव्या पिढीसाठी, नव्या तंत्राने, तिन्ही गोष्टी एकत्र करून. बस्त्याव म्हणायचा, "बंद पडलेला पंप पुन्हा चालू करतात, तसंच ना? करू द्या." त्याने फारशी खळखळ केली नाही. रहाटाच्या जागी खरंखुरं दिसणारं यान येणार याचा त्याला उलट आनंदच होता. कंपनीने सुचवलं की भाषेसाठी एक तज्ज्ञ नेमू, तो अगदी नवी, कोरी भाषा तयार करून देईल, जगात कोणालाच न येणारी. मला वाटलं आता हा भडकणार. पण तो चटकन म्हणाला, "उत्तम. कोणालाच कळायला नको." ईशानचा चेहरा पडला, त्याला जुनीच वाक्यं हवी होती. मी फाटकापर्यंत जाईपर्यंत बस्त्यावशी भांडले. आपली बोली त्या सिनेमात आहे म्हणून तर तो सिनेमा आहे, असं सगळं सांगून झालं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एलीस, यावेळी गाव गप्प बसेल." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा अजून त्या बावखलाच्या काठावरच बसलेला आहे.

नव्या सिनेमाच्या आधी जुन्याची रीळ स्वच्छ करून घेतली होती. कशी झाली ते बघायला म्हणून कंपनीने आमच्या चर्चच्या सभागृहात पहिल्या सिनेमाचा एक खेळ ठेवला. हॉल भरला. पुढच्या रांगांत आम्ही उरलेसुरले म्हातारे, मागे सगळी तरुण मंडळी, कॉलेजची मुलं, कडेवर बाळं घेतलेल्या सुना. बस्त्याव सवयीने पडद्याच्या बाजूला भिंतीला टेकून, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. कोणी खुर्ची दिली तरी बसला नाही. चित्र इतकं लख्ख होतं की रेमेतकाकांच्या कपाळावरच्या पत्र्यावर बिस्किटांच्या कंपनीचं नाव वाचता येत होतं. त्यांनी तळहात वर केले, ते वाक्य म्हटलं. आम्ही चारपाच म्हातारे हसलो... आणि ते हसणं हॉलमध्ये एकटंच पडलं. मागून कोणीतरी आम्हाला "शू" केलं. मी वळून पाहिलं. अंधारात सगळे चेहरे पडद्याकडे लागलेले, गंभीर, श्रद्धेने बघणारे. शिडीची भविष्यवाणी झाली, कोणी हललं नाही. आम्हीही मग हसायचं थांबलो, लाज वाटली. निरोपाच्या प्रसंगाला मागून हुंदके ऐकू यायला लागले. सुकटीचं वाक्य आलं तेव्हा अख्खं गाव रडत होतं.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या. रिया धावत येऊन आजोबांच्या गळ्यात पडली, तिचं काजळ पसरलं होतं. ती मुंबईच्या कॉलेजात शिकते, हुशार आहे, आजोबांवर जीव टाकते. "आजोबा, केवढं सॅड आहे ते," ती म्हणाली. "एलीसआंटी शेवटी काय बोलते पण?" बस्त्यावने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "सुकट झाकून ठेव, मांजर फिरतेय." ती म्हणाली, "आंटी, मस्करी नको ना." तिला खरंच वाटेना. आणि मला एकदम जाणवलं की ती तिच्या आजीच्या मांडीवर वाढलेली मुलगी आहे. तिच्या आजीला या बोलीशिवाय दुसरं काही धड येत नव्हतं. पण रियाशी सगळे मराठी बोलले, इंग्रजी बोलले, मित्रमैत्रिणी हिंदी बोलल्या. तिच्यासमोर घरातली माणसं आपापसांत आमच्या बोलीत बोलायची, ते तिच्या कानांवरून एखाद्या घरगुती आवाजासारखं गेलं असणार. यात कोणाची चूक काढायची? सगळ्यांनी तिचं भलंच पाहिलं होतं.

आम्ही चालत घरी आलो. आपल्या फाटकाशी थांबून बस्त्याव म्हणाला, "गाव गप्प बसलं, एलीस." मी म्हटलं, "तुला तेच हवं होतं." "हो," तो म्हणाला. मग बराच वेळ फाटकाची कडी नुसती वरखाली करत राहिला. "पण असं नको होतं. तेव्हा ते हसले कारण त्यांना कळलं. एवढ्या सगळ्या महाराष्ट्रात फक्त त्यांना कळलं होतं... आणि मी त्यांना दगड म्हणत बसलो." मी त्याला लहानपणापासून ओळखत होते, पण त्याला रडताना मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं. कशाने समजूत घालणार? मीही रडले.

दुसऱ्या दिवशी त्याने ईशानला बोलावून घेतलं आणि कोरी भाषा रद्द केली. गगनगाव आमच्याच बोलीत बोलेल, आणि बोलणारी मुलं आमच्याच गावातली असतील. शिवाय एक अट, बोलतात ते त्यांना कळलं पाहिजे. ईशान मनातून खूश झाला, पण कंपनीचा विचार करून म्हणाला, "सर, खालती सबटायटल देऊनही लोक म्हणतील, कायपण बोलतायत." बस्त्याव म्हणाला, "लोकांनी रडावं की. गावाने हसलं पाहिजे." कंपनीशी कसं काय जमवलं ते ईशानलाच ठाऊक, पण त्याने ते जमवलं. चित्रण उरकलं, त्यात मुलांनी ओठ हलवण्यापुरती वाक्यं पाठ केली. आवाज मागाहून नीट भरायचे ठरले, आणि त्याच्या तयारीसाठी बस्त्यावच्या पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी मुलांची तालीम सुरू झाली. रिया सगळ्यात मोठी, माझं जुनं काम तिच्याकडे. मी मदतीला जायची. मुलं भराभर पाठ करायची आणि सणाच्या प्रार्थनेसारखं घडाघडा म्हणून दाखवायची. उच्चार चांगले, सूर सपाट. बस्त्याव डोक्याला हात लावायचा. "वाक्य येतं तुम्हाला, बोलणं येत नाही," म्हणायचा. त्याने काय काय करून पाहिलं. मुलांना वाडीत नेऊन पाण्याचे पाट फिरवायला लावले, एकमेकांशी शिडीवरून भांडायला लावलं. म्हाताऱ्या शेजारणी आणून बसवल्या, आणि त्या इतक्या भारावून शुद्ध मराठीत बोलायला लागल्या की त्यांना चहा देऊन परत पाठवावं लागलं. संध्याकाळी मुलं गेली की तो मला विचारायचा, "आज कोणी हसलं?" मी नाही म्हणायची. "उद्या," तो म्हणायचा. असं होता होता तो उन्हाळा आला, आणि ती दुपार.

अंत्यविधीला लांबून माणसं आली होती. सोलापूरकडचे दोन शिक्षक रात्रभर प्रवास करून आले. त्यांना आमच्यातलं कोणी ओळखत नव्हतं. कबरीवर माती टाकून झाल्यावर ते दोघं पुढे झाले, तळहात वर केले आणि त्यांना पाठ असलेला तो आकाशातला नमस्कार म्हटला. केळींना पाणी सोडलं का? आमच्यातलं कोणी हसलं नाही. माझ्या शेजारी उभी असलेली त्याची थोरली मुलगी आमच्या बोलीत पुटपुटली, की आता कोण सोडणार?

आवाज भरायचं काम ईशानने थांबवलं नाही. स्टुडिओत मुलं बुजतात म्हणून त्याने यंत्रंच बस्त्यावच्या पुढच्या खोलीत आणून मांडली. खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद केला, दाराला शाल ठोकली. त्या खोलीत जुन्या केळीच्या पानांचा आणि औषधाच्या तेलाचा वास अजून आहे. गेल्या आठवड्यात निरोपाचा प्रसंग घ्यायचा होता. रिया माइकसमोर उभी राहिली, समोरच्या पडद्यावर त्या मुलाचा चेहरा. तिला मुद्दाम रडावं लागत नव्हतं. तिने सुकटीचं ते वाक्य म्हटलं. म्हटलं छान, पण पाठ केलेलंच. ईशान म्हणाला, पुन्हा एकदा. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. तिसऱ्या की चौथ्या वेळी माझ्याने राहवेना. माझी आई मला जसं उलटून बोलायची तशी मी माइकच्या या बाजूने, आमच्या बोलीत, फटकन म्हटलं, की तूच झाक, मी काय तुझ्या मांजराची राखण करायला बसले आहे?

रिया वळली. तिने एक क्षणही विचार केला नाही. तिच्या आजीच्या तोंडात असायचं तसं, सूर वर चढवून, एक हात कमरेवर ठेवून ती आमच्या बोलीत मला म्हणाली, की मांजर माझं नाही, सुकट माझी नाही, आणि मी झाकलं तर खाणार तूच आहेस. हे वाक्य तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते सिनेमात नव्हतं, तालमीत नव्हतं. बोलून झाल्यावर ती स्वतःच थबकली, तोंडावर हात ठेवला, आणि मग हसायला लागली. गाल ओले, आणि हसू आवरेना. भिंतीशी ओळीने बसलेल्या मुलांपैकी आधी एक हसला, मग दुसरी, मग सगळी खोली. जी मुलं हसली ती माझ्याकडे बघून नाही, तिने काय म्हटलं ते कळून हसली, हे मी शिक्षक म्हणून खात्रीने सांगू शकते.

ईशानला अर्थातच काही कळलं नव्हतं. त्याने हेडफोन काढले आणि घाबरून विचारलं, "मॅडम, काय झालं? टेक गेला का?"

मी त्याला सांगितलं, "नाही. आता आला. हाच ठेव."